सॅन्स-सेरिफ अक्षर अरुंद करताना नेमके काय बदलावे लागते?

प्रश्न थोडक्यात असा आहे: स्वतः आखलेले एक सॅन्स-सेरिफ वळण (रेघांच्या टोकांना शेपट्या नसलेला टाइपफेस) रेग्युलर आणि बोल्ड अशा दोन वजनांत, म्हणजे रेघेच्या दोन जाडींत, तयार आहे आणि आता त्याचीच अरुंद, म्हणजे कंडेन्स्ड आवृत्ती हवी आहे. सगळी अक्षरे सॉफ्टवेअरमध्ये आडवी ७५ टक्क्यांवर दाबली तर काय बिघडते, नव्याने आखायची झाल्यास कुठे लक्ष द्यावे लागते, आणि तयार झालेले वळण कोणत्या कामाला घ्यावे व कोणत्या कामाला घेऊ नये? या तिन्ही प्रश्नांचा उगम एकाच ठिकाणी आहे. अक्षर अरुंद करणे म्हणजे अक्षराच्या पोटातली आणि दोन अक्षरांमधली पांढरी जागा कमी करणे. काळी रेघ तेवढी कमी होऊ शकत नाही, म्हणून पांढऱ्या जागेची नवी वाटणी करावी लागते. दाबण्याच्या क्रियेत ही वाटणी कोणी करतच नाही.

आधी हिशेब मांडतो, कारण या विषयात डोळ्यांनी जाणवलेली गोष्ट आकड्यांत मांडल्यावरच पुरती पटते. १००० एककांच्या चौकटीत, म्हणजे अक्षराच्या पूर्ण आकाराचे १००० समान भाग धरून, आखलेल्या एखाद्या साध्या रेग्युलर वळणातले रोमन लहान ‘एन’ घ्या. डाव्या बाजूची मोकळीक ७०, पहिली उभी रेघ ९०, मधली पोकळी २४५, दुसरी उभी रेघ ९० आणि उजवीकडची मोकळीक ६५ धरली, तर अक्षराची एकूण रुंदी ५६० होते. याच वळणातली आडवी रेघ, उदाहरणार्थ ‘ई’ची मधली दांडी, साधारण ७८ एककांची असते. उभी आणि आडवी रेघ मोजून सारखी काढली तर डोळ्याला आडवी रेघ जाड दिसते, म्हणून ती मुळातच थोडी बारीक ठेवावी लागते. आता हे अक्षर ७५ टक्के दाबले की रुंदी ४२० होते, उभी रेघ साडेसदुसष्टवर येते आणि आडवी रेघ मात्र जिथल्या तिथे ७८ राहते. बारीक असायला हवी ती रेघ जाड झाली आणि जाड हवी ती बारीक झाली. ‘ओ’ वरून-खालून फुगलेला आणि कुशीत रोडावलेला दिसतो, ‘टी’ची आडवी दांडी खांद्यावर कावड घेतल्यासारखी जड होते. वाचणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण अक्षर कुणीतरी दाबले आहे हे त्याला कळते.

मग उभी रेघ मूळचीच, ९० एककांची ठेवावी असे कोणी म्हणेल. तेही जमत नाही. रेग्युलर ‘एन’च्या ५६० एककांत दोन उभ्या रेघांचे १८० एकक म्हणजे ३२ टक्के काळे असते, त्याच १८० एककांनी ४२० रुंदीतली ४३ टक्के जागा खाल्ली तर ओळीचा करडा रंग एकदम गडद होतो आणि मजकूर बोल्डमध्ये लावल्यासारखा वाटतो. उत्तर या दोन टोकांच्या मध्ये असते. मी अशा वेळी उभी रेघ ८०च्या आसपास नेतो, आडवी ६८पर्यंत खाली आणतो, पोकळी १६५ ठेवतो आणि उरलेले ९५ एकक दोन्ही बाजूंच्या मोकळिकीत ५० व ४५ असे वाटतो. बेरीज पुन्हा ४२० होते, उभ्या रेघांचा वाटा ३८ टक्क्यांवर येतो. अरुंद वळण आपल्या रेग्युलर भावंडापेक्षा किंचित गडद राहते हे मान्य करावे लागते. तो गडदपणा पुरता घालवण्याचा हट्ट धरला तर रेघ इतकी बारीक होते की शेजारी ठेवल्यावर अरुंद वळण एक वजन खालचे भासते.

रेघांचा हा तोल सांभाळला तरी खरा कस गोल अक्षरांत लागतो. रेग्युलरचा ‘ओ’ वर्तुळाच्या जवळचा असतो. तो नुसता दाबला की उभट लंबगोल होतो, आणि लंबगोलाची बाजू मध्यभागी बाहेर फुगलेली असल्यामुळे त्याच्या वरच्या व खालच्या कोपऱ्यांत पांढऱ्या पाचरी सुटतात. रुंद अक्षरांत या पाचरी खपून जातात, पण जिथे दोन अक्षरांमधले अंतरच ९५ एकक आहे तिथे ‘एन’नंतर ‘ओ’ आला की लय मोडते. म्हणून अरुंद वळणांत गोल अक्षरांच्या कुशी सरळ करतात. मधला बराचसा भाग उभ्या सरळ रेघेचा आणि वर-खाली झटकन वळणारे खांदे, असा धावपट्टीसारखा आकार होतो. या सरळ कुशींमुळे अरुंद सॅन्स-सेरिफला तिचा ओळखीचा चेहरा मिळतो आणि तिचा मोठा धोकाही तिथेच जन्मतो. ‘एन’, ‘यू’, ‘ओ’, ‘सी’, ‘ई’ ही सगळी अक्षरे दोन सरळ उभ्या रेघांची होतात, आणि त्यांच्यातला फरक फक्त वरच्या-खालच्या काही एककांत उरतो. मी पहिल्यांदा अरुंद वळण आखले तेव्हा लय एकसारखी व्हावी म्हणून पोकळी आणि दोन अक्षरांमधले अंतर जवळजवळ सारखे ठेवले होते. रोमनमध्ये ‘मिनिमम’ हा शब्द लावून पाहिला आणि समोर कुंपण उभे राहिले. कोणते अक्षर कुठे संपते ते मला स्वतःलाही मोजूनच कळत होते. तेव्हापासून पोकळीच्या ५५ ते ६० टक्के इतकेच अंतर दोन अक्षरांत ठेवायचे, हा माझा सुरुवातीचा ठोकताळा आहे. वरच्या उदाहरणात १६५ला ९५ आहे ते त्यामुळेच.

यातून सुटायची एक वाट ‘सी’, ‘ई’, ‘एस’, ‘ए’ यांच्या उघड्या तोंडांत आहे. या अक्षरांची टोके आडवी कापून आत वळवली तर शब्द घट्ट, बंद आणि रुबाबदार दिसतो. मोठ्या मथळ्याला ते शोभते. पण लहान आकारात असा ‘सी’ सहज ‘ओ’ वाटतो. वापर लहान आकारातही होणार असेल तर टोके लवकर थांबवून तोंड मोठे ठेवावे, अक्षर थोडे कमी डौलदार दिसले तरी चालेल. दोन्ही गोष्टी एकाच आखणीत बसवण्याचा प्रयत्न मी अनेकदा केला आहे आणि दर वेळी मधलाच, कोणत्याच कामाला पुरा न पडणारा आकार हाती आला. आपले वळण मुख्यतः किती आकारात वाचले जाणार हे आधी ठरवा.

तिरक्या रेघांची अक्षरे वेगळ्याच कारणाने त्रास देतात. ‘व्ही’, ‘डब्ल्यू’, ‘एक्स’, ‘के’ आणि कॅपिटल ‘एम’ यांच्या रेघा अरुंद चौकटीत अधिक उभ्या होतात, त्यांच्यातला कोन मिटत जातो आणि जिथे दोन रेघा भेटतात तिथे काळा गठ्ठा तयार होतो. त्यावर उपाय म्हणून सांध्याजवळ रेघ निमुळती करतात, आतून एक खाच घेतात, आणि ‘डब्ल्यू’ला इतरांइतके अरुंद करण्याचा आग्रह सोडून देतात. उलट ‘आय’, ‘एल’, ‘टी’, ‘आर’, ‘एफ’ ही अक्षरे मुळातच अरुंद असल्यामुळे त्यांच्याकडून फारसे मिळत नाही. ‘आर’चा हात किंवा ‘टी’ची दांडी आणखी तोडली तर अक्षरच ओळखू येत नाही. त्यामुळे ‘एन’ ७५ टक्क्यांचा असला तरी चालू मजकुरात जागेची बचत २५ टक्के होत नाही, २०–२२ टक्क्यांवर थांबते.

सांध्यांतल्या खाचांचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे अक्षररचनाकार मॅथ्यू कार्टर यांनी १९७८ मध्ये पूर्ण केलेले बेल सेंटेनियल. अमेरिकेतल्या टेलिफोन डिरेक्टरीसाठी ते आखले गेले. त्याआधी त्या कामाला १९३८चे बेल गॉथिक वापरात होते. हलका कागद, वेगाने फिरणारे छपाईयंत्र आणि सहा पॉइंटचा आकार, यांत शाई पसरून कोपरे बुजत. म्हणून कार्टर यांनी रेघांच्या सांध्यांत खोल खाचा ठेवल्या, ज्या छापताना शाईने भरून जाऊन अक्षर अपेक्षित आकाराचे होई. आज हेच वळण पोस्टरवर मोठे करून लावतात आणि त्या खाचा शोभा म्हणून मिरवतात. त्याला माझी हरकत नाही, फक्त खाच का आली हे ठाऊक असावे. पडद्यासाठी आखलेल्या अरुंद वळणात इतक्या खोल खाचांची गरज नसते. सांध्याजवळ रेघ दहा-पंधरा टक्के बारीक केली तरी पुरते.

दाबण्याचा मोह संगणकाने आणला असे समजू नका. सॅन्स-सेरिफचे पहिले छपाईचे खिळे इंग्लंडमध्ये चौथ्या विल्यम कॅस्लनच्या १८१६च्या नमुन्यात दिसतात आणि ते फक्त कॅपिटल अक्षरांचे होते. १८३०च्या दशकात लहान अक्षरे आली आणि जाहिरातींच्या मोठ्या पत्रकांची मागणी वाढली. पत्रकाची रुंदी ठरलेली, शब्द लांब आणि अक्षर तर लांबून वाचता येईल इतके उंच हवे, या कात्रीतून अरुंद अक्षर जन्माला आले. १८२७ पासून डॅरियस वेल्स यांनी अमेरिकेत यंत्रावर लाकडी अक्षरे कोरायला सुरुवात केली, १८३४ मध्ये विल्यम लीव्हनवर्थ यांनी त्याला पँटोग्राफची, म्हणजे साच्याच्या आकाराची लहान-मोठी नक्कल काढणाऱ्या यंत्राची, जोड दिली, आणि एकाच साच्यावरून वेगवेगळ्या मापांची अक्षरे काढणे सोपे झाले. पुढे फोटो-टाइपसेटिंगमध्ये भिंगाने अक्षर आडवे आकसता येऊ लागले. प्रत्येक पिढीच्या यंत्राने हा मोह नव्याने दाखवला आहे.

मॉरिस फुलर बेंटन यांनी १९०३ मध्ये अमेरिकन टाइप फाउंडर्स या खिळे ओतणाऱ्या कंपनीसाठी केलेले ऑल्टरनेट गॉथिक या संदर्भात आवर्जून अभ्यासावे. एकाच उंचीचे आणि जवळजवळ एकाच वजनाचे वळण त्यांनी तीन वेगवेगळ्या रुंदींत आखले, म्हणजे जुळाऱ्याला मथळा ओळीत बसवताना पर्याय मिळाला. आज जालावर मुक्तपणे मिळणारी लीग गॉथिक आणि ऑस्वाल्ड ही वळणे त्याच घराण्यातली आहेत. पुढचा टप्पा १९५७चा. त्या वर्षी अक्षररचनाकार अॅड्रियन फ्रुटिगर यांचे युनिव्हर्स हे वळण २१ रूपांत एकदम बाजारात आले आणि रुंदी हा घराण्याचा एक नियोजित अक्ष बनला. त्यांच्या क्रमांकांत पहिला अंक वजनाचा आणि दुसरा रुंदी व तिरकेपणाचा: ५५ हे मधले रेग्युलर, ५७ त्याचे अरुंद रूप, ६७ म्हणजे बोल्ड अरुंद, ५९ आणखी अरुंद. ५५ आणि ५७ एकावर एक ठेवून पाहिले तर कोणती गोष्ट बदलली आणि कोणती जपली हे जितके स्पष्ट दिसते तितके कोणत्याही वर्णनाने कळणार नाही.

बोल्डचा प्रश्न त्याहून कठीण आहे. नेहमीच्या रुंदीच्या बोल्डची उभी रेघ १५० असेल तर दोन रेघांचे ३०० होतात आणि ४२० रुंदीत पोकळी व बाजू मिळून १२० एकक उरतात. एवढ्यात वाचनीय ‘एन’ होत नाही. मी बोल्ड अरुंद वळणात रेघ १२० ठेवून रुंदी ४५० होऊ देतो, म्हणजे पोकळीला १३० आणि बाजूंना ८० मिळतात. अरुंद बोल्ड हे अरुंद रेग्युलरपेक्षा थोडे रुंद असते यात वावगे काही नाही, बऱ्याच चांगल्या घराण्यांत तसेच असते. याहून पुढे गेलात तर तो वेगळा प्रकार होतो. १९६३चे कॉम्पॅक्टा किंवा जेफ्री ली यांचे १९६५चे इम्पॅक्ट पाहा. तिथे पोकळी म्हणजे नुसती फट आहे, लहान अक्षरांची उंची कॅपिटलच्या जवळ नेली आहे आणि आडव्या रेघा उभ्यांच्या मानाने खूप बारीक आहेत, कारण तसे केल्याशिवाय ‘ई’त तीन आडव्या रेघा मावतच नाहीत. अशी वळणे चार-पाच शब्दांसाठी असतात. त्यांत परिच्छेद लावणाऱ्याने तो स्वतः एकदा शेवटपर्यंत वाचून पाहावा.

लहान अक्षरांची उंची वाढवणे हा साध्या अरुंद वळणातही उपयोगी उपाय आहे. रुंदीत गमावलेली जागा उंचीत थोडी परत मिळते. रेग्युलरमध्ये ती ५२० असेल तर अरुंदमध्ये ५३५–५४० चालते, मात्र दोन्ही एकाच ओळीत शेजारी येणार असतील तर ती सारखीच ठेवावी. शब्दांमधले अंतरही कमी करावे लागते, आणि हे हमखास विसरले जाते. रेग्युलरचे २५० एककांचे अंतर तसेच राहिले तर अरुंद मजकुरात भोके पडल्यासारखी दिसतात. माझ्या आखणीत ते १९०च्या आसपास येते.

देवनागरीचा विचार स्वतंत्रपणे करायला हवा, कारण रोमनचे वरचे सगळे ठोकताळे तिथे जसेच्या तसे चालत नाहीत. पहिली गोष्ट शिरोरेषेची. देवनागरी अक्षर आडवे दाबले की काने बारीक होतात आणि शिरोरेषा होती तेवढीच जाड राहते, म्हणजे रोमनमध्ये जी विकृती ‘टी’च्या दांडीपुरती दिसते ती इथे संपूर्ण ओळीवर छपरासारखी पसरते. नव्याने आखताना म्हणून सर्वांत आधी शिरोरेषा बारीक करावी. दुसरी गोष्ट उभ्या रेघांच्या दाटीची. ‘मानाचा’ या तीन अक्षरी शब्दात प्रत्येक अक्षराचा अंगचा काना आणि लावलेला काना धरून सहा काने येतात; तिथे रोमनमधल्या ‘मिनिमम’सारखेच कुंपण तयार होते आणि ते वरून शिरोरेषेने बांधलेलेही असते. लावलेल्या कान्याभोवतीची जागा आणि अंगच्या कान्याची जागा यांत थोडा फरक ठेवला तर डोळ्याला अक्षरांची जोडी सुटी करता येते.

शिवाय देवनागरी अक्षरांच्या रुंदीत मुळातच मोठी तफावत आहे. ‘र’ला अरुंद करण्यासारखे काही नसते, तर ‘क्ष’, ‘झ’, ‘अ’ आणि ‘फ’ यांना जागा लागतेच. मराठीपुरते बोलायचे तर ‘ळ’ हे माझ्या मते सर्वांत अवघड अक्षर आहे, कारण त्याची दोन पोटे आडवी शेजारी-शेजारी आहेत. दाबले की दोन्ही बुजतात, आणि त्यांना एकमेकांपेक्षा लहान-मोठे केले तर अक्षर लंगडे दिसते. तिथे सरळ रुंदी वाढवून द्यावी. ‘ख’मध्ये ‘र’ आणि ‘व’ खालून नीट जोडलेले असले पाहिजेत, नाही तर अरुंद वळणात ‘ख’ आणि ‘रव’ यांतला भेद फक्त संदर्भावर उरतो. ओळीच्या वरच्या मजल्यावर वेगळीच गर्दी होते. वेलांटी, रफार आणि अनुस्वार एकाच अरुंद अक्षरावर आले की त्यांना आडवी जागा उरत नाही, त्यामुळे त्यांचे एकत्र आकार स्वतंत्रपणे आखावे लागतात. ऱ्हस्व वेलांटीची कमान अक्षराच्या कान्यापर्यंत पोहोचायला हवी, म्हणून तिच्या वेगवेगळ्या लांबीच्या प्रती लागतात. अरुंद वळणात अक्षरांच्या रुंदीतला फरक कमी झाल्यामुळे या प्रती थोड्या कमी लागतात, एवढाच काय तो दिलासा. या सगळ्याचा अभ्यास करायचा तर इंडियन टाइप फाउंड्रीची ‘खंड’ व ‘टेको’ ही वळणे आणि एक टाइपचे ‘अनेक’ उघडून पाहावे. ‘अनेक’मध्ये रुंदी ७५पासून १२५ टक्क्यांपर्यंत सरकवता येते, त्यामुळे एकेका अक्षराने जागा कशी सोडली ते टप्प्याटप्प्याने दिसते.

आता वापराकडे येतो. अरुंद वळणाचा खरा उपयोग जास्त मजकूर कोंबण्यात आहे असा सर्वसाधारण समज आहे, आणि तो मला अर्धाच मान्य आहे. ठरलेल्या रुंदीत एखादा शब्द रेग्युलरमध्ये ६० पॉइंटचा बसत असेल तर ७५ टक्के रुंदीच्या वळणात तोच शब्द जास्तीत जास्त ८० पॉइंटपर्यंत बसतो. उंची जवळजवळ एक तृतीयांशाने वाढते. मथळा, पुस्तकाचा कणा, वेष्टनाची अरुंद बाजू, खेळाडूच्या पाठीवरचे नाव, मोबाइलच्या पडद्यावरचे शीर्षक, अशा जिथे रुंदी बांधलेली आणि उंची मोकळी असते तिथे हे वळण शोभते. वर्तमानपत्रांनी शतकभर त्याचा वापर केला तो याच कारणासाठी. मोठ्या आकारात अक्षरांतले अंतर थोडे घट्ट करावे आणि ओळीही जवळ आणाव्यात, म्हणजे मथळ्याचा एकसंध ठोकळा होतो.

चालू मजकुराची गोष्ट उलट आहे. ज्या स्तंभात रेग्युलरची ६५ अक्षरे एका ओळीत मावतात तिथे अरुंद वळणाची ऐंशीच्या पुढे जातात, आणि मग ओळ संपवून डावीकडे परतलेला डोळा पुढच्या ओळीची सुरुवात चुकवतो. अरुंद वळण घेतले की स्तंभही अरुंद करावा लागतो, म्हणजे वाचवलेली जागा समासाला परत द्यावी लागते. दोन-तीन वाक्यांची चौकट, चित्राखालची ओळ, नकाशावरची नावे, यादी, एवढ्यापुरते ते ठीक आहे. पानभर निबंधाला नाही. पृष्ठसंख्या वाचवण्यासाठी संपूर्ण पुस्तक अरुंद सॅन्समध्ये लावण्याचा सल्ला मी कुणालाही दिलेला नाही. रेग्युलर वळण अर्ध्या पॉइंटने लहान करणे हा त्यापेक्षा बरा मार्ग असतो.

तक्ते आणि वेळापत्रके ही मात्र अरुंद वळणाची हक्काची जागा आहे. तिथे प्रत्येक खाना रुंदीने बांधलेला असतो आणि वाचक सलग वाचत नसून शोधत असतो. त्यासाठी सर्व अंक एकाच रुंदीचे हवेत, आणि अरुंद अंकांत ३, ६, ९ यांच्या इंग्रजी रूपांची तोंडे मोठी ठेवायला हवीत, नाही तर ६ आणि ८ एकमेकांत मिसळतात. नुसत्या आकड्यांच्या एका पानाची छपाई काढून ती हातभर अंतरावरून वाचून पाहिल्याशिवाय मी अंक अंतिम करत नाही.

दिशादर्शक फलकांबाबत सावध राहावे. लांबून अक्षर ओळखू येणे हे उंचीइतकेच रुंदीवर आणि मोकळ्या अंतरावर अवलंबून असते, म्हणून एकाच उंचीचे अरुंद अक्षर रुंद अक्षरापेक्षा कमी अंतरावरून वाचता येते. अमेरिकेच्या रस्त्यांवरच्या अक्षरांची ‘बी’पासून ‘एफ’पर्यंत अरुंदाकडून रुंदाकडे जाणारी मालिका आहे, आणि वेगवान महामार्गांच्या दिशाफलकांसाठी रुंद ‘ई मॉडिफाइड’ घेतली जाते. जर्मनीच्या डीआयएन १४५१ या मानकातही अरुंद ‘एंगश्रिफ्ट’ आणि मध्यम ‘मिटेलश्रिफ्ट’ अशी रूपे आहेत. रस्त्यावर नाव मध्यम रूपात मावत नसेल तेव्हाच अरुंद घेतात. हाच क्रम इतर फलकांनाही लावावा: आधी फलक रुंद होतो का पाहावे, मग नाव दोन ओळींत तुटते का पाहावे, आणि तेही नसेल तर अरुंद वळणाकडे वळावे.

लहान आकारात पडद्यावर वापर करायचा तर पुन्हा हिशेब करा. १२ पिक्सेलच्या आकारात एक पिक्सेल म्हणजे सुमारे ८३ एकक. आपली ८० एककांची उभी रेघ एका पिक्सेललाही पुरी पडत नाही, पोकळी दोन पिक्सेलची आणि दोन अक्षरांमधले अंतर जेमतेम एका पिक्सेलचे होते. साध्या पडद्यावर या रेघा दोन पिक्सेलच्या सीमेवर पडल्या की काळ्याऐवजी करडी धूसर पट्टी दिसते. दुप्पट घनतेच्या पडद्यावर हा त्रास बराच कमी होतो, पण संपत नाही. बटणावरच्या आणि नोंदींच्या लहान मजकुराला मी अरुंद वळण १४ पिक्सेलच्या खाली नेत नाही, आणि नेलेच तर अक्षरांतले अंतर १० ते २० एककांनी वाढवतो. त्यामुळे काही जागा पुन्हा खर्च होते. ती तशी खर्च झाल्यावर निम-अरुंद, म्हणजे साडेसत्त्याऐंशी टक्क्यांचे रूप तेवढ्याच जागेत बसते का, हे आधी तपासावे. बऱ्याचदा बसते आणि वाचायला ते अधिक सोपे असते.

तुम्ही सध्या दोन वजने तयार केली आहेत, तर अरुंद बाजूला तीच दोन वजने टोकाची आवृत्ती म्हणून पूर्ण आखा आणि मधल्या रुंदी व्हेरिएबल फाँटच्या (ज्यात रुंदी किंवा वजन सलग सरकवता येते अशा एकाच फाइलच्या) रुंदी-अक्षावर काढून घ्या. दोन्ही टोके हाताने आखलेली असली की मधले आकार बहुतेक ठिकाणी बरे येतात; गोल कुशीतून सरळ कुशीकडे जाताना ‘ओ’ आणि ‘एस’ मध्येच अवघडतात, तिथे एक मधली आवृत्ती जोडावी लागते. फाँटच्या आत रुंदीचा वर्ग नोंदवायला विसरू नका: १ ते ९ या श्रेणीत ५ म्हणजे सामान्य, ४ म्हणजे साडेसत्त्याऐंशी टक्के आणि ३ म्हणजे ७५ टक्के. ही नोंद चुकली तर संगणकावर बसवलेल्या फाँटची अरुंद आवृत्ती नीट ओळखली जात नाही; वेबपानाला जोडलेल्या फाँटची रुंदी पानाच्या सीएसएसमध्येही नोंदवावी लागते, नाही तर ७५ टक्के मागूनही ब्राउझर रेग्युलरच दाखवतो, कारण तो ठळकपणा किंवा तिरकेपणा स्वतः बनवतो तशी रुंदी बनवत नाही. दाबलेले अक्षर अजिबातच चालत नाही असेही नाही. दोन्ही कडांना सरळ भिडणाऱ्या ओळी जुळवताना मांडणीचे सॉफ्टवेअर अक्षरांची रुंदी दोन-तीन टक्के कमी-जास्त करू शकते, आणि तेवढे माझ्याही डोळ्याला दिसत नाही. पाच टक्क्यांच्या पुढे मात्र ‘ओ’कडे बघितले की लगेच कळते.